गुरुवारच्या पेशी

"हात कापतोय तुझा," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम."

कापत होता. माझ्या मागे डॉक्टर कुमुद आगाशे हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक. त्यांच्या शेजारी इरफान मुजावर, माझ्याहून तीन वर्षांनी सीनियर, मिरजेचा. आणि पुढे मी, हेमांगी खैरमोडे, राहणार कऱ्हाड, काचेच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली. अशा वेळी ज्याचा हात कापत नाही त्याला माणूस म्हणू नये, असं माझं मत होतं, पण ते विचारतंय कोण.

त्या शुक्रवारी मी काय करत होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं जड जाणार नाही. बाळंतपणात बाळाची नाळ कापतात आणि टाकून देतात. त्या नाळेत मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. दुसरीकडे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे राखणदार. राखणदार चांगलेच, पण एकदा बिथरले की घरच्यांनाच झोडपतात. सांध्यांची, आतड्यांची कितीतरी दुखणी त्यातून होतात. मूलपेशी या बिथरलेल्या राखणदारांना शांत करतात एवढं जगाला कळलं होतं. त्या त्यांच्याशी काय बोलतात आणि कधी बोलतात, हे शोधायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या भांड्याला दोन मजले असत. खाली मूलपेशी, वर औषध घालून मुद्दाम बिथरवलेले राखणदार, आणि मधे बारीक भोकांचा पडदा. पेशींना त्यातून जाता येत नाही. जातो तो फक्त त्यांनी पाझरलेला रस. थोडक्यात, भिंतीआडच्या शेजारणींचं बोलणं.

माझ्या हातात हे राखणदार शांत होत होते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बिथरलेल्या पेशी एकमेकींना चिकटून घड करतात, द्राक्षांसारखे, आणि शांत झालेल्या सुट्या सुट्या पडून राहतात. सूक्ष्मदर्शकातून लहान मुलालाही फरक दिसावा. मॅडम खूश होत्या. शोधनिबंध छापायला धाडायचा म्हणून त्यांनी इरफानभाईंना तोच प्रयोग स्वतःच्या हातानं करायला सांगितला, आणि तिथं माशी शिंकली. त्यांच्या हातात घडच घड. त्यांनी पुन्हा केला. पुन्हा घड. मग ते मला काही न बोलता थेट मॅडमच्या खोलीत गेले.

असल्या ठिकाणी "तुझ्याच हातात कसं होतं ग?" हा प्रश्न शिवीसारखा असतो. चहाच्या टपरीवर मी गेले की बोलणं हवापाण्यावर येऊ लागलं. मी आकडे घरी बसून तयार करते, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. तोंडावर म्हणाले असते तर बरं झालं असतं, दोन शब्द मलाही सुनावता आले असते.

म्हणून हा शुक्रवार. मॅडमनी ठरवलं, हेमांगी आमच्या समोर करेल.

मी समोर केलं. हातमोज्यांवरून स्पिरिट इतक्यांदा पुसलं की नाक चुरचुरायला लागलं. बिथरवलेले राखणदार नळीत घेतले. त्यांच्या भोवतालचा द्रव एव्हाना पिवळट, मळकट झालेला. नळी सेंट्रिफ्यूजच्या यंत्रात गरगर फिरवली, पेशी तळाशी बसल्या, वरचं मळकट पाणी ओतून दिलं, ताजं स्वच्छ पाणी घातलं, परत फिरवली, परत ओतलं. आमच्यात याला पेशी धुणं म्हणतात. इतक्या निगुतीनं मी जन्मात काही धुतलं नव्हतं. आईनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, घरी कधी पातेलं असं घासलं नाहीस.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता सोमवारी बघू."

शनिवार-रविवार मी खोलीत नव्हतेच म्हणायला हरकत नाही. संस्थेमागच्या टेकडीवर चढायचं, उतरायचं, परत चढायचं. माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी आहे, आणि काळजी असली की ती जोरात फिरते. पण खरं सांगते, निकालाची भीती नव्हती. इतकं नीट केलंय, होणारच, अशी माझी खात्री होती.

सोमवारी सकाळी मॅडमनी स्वतः भांडं इन्क्युबेटरच्या उबेतून काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या.

"तूच बघ."

मी पाहिलं. घडच घड. तासगावचा द्राक्षमळाच जणू.

"माझ्या खोलीत ये," त्या म्हणाल्या.

मी खोलीत गेले. त्यांनी खुर्ची दाखवली. मी उभीच राहिले.

"हेमांगी, दोन रस्ते आहेत. येत्या सोमवारच्या बैठकीत तू उभी राहून सांग, की माझ्या निरीक्षणांत गफलत झाली, मी ती मागे घेते. मी तुला दुसरा विषय देईन. दोन वर्षं जातील, पण पदवी मिळेल."

"आणि दुसरा रस्ता?"

"समिती. चौकशी. तो मला नकोय. त्यात तू जाशीलच, ही प्रयोगशाळाही जाईल."

"मॅडम, मी आकडे तयार केलेले नाहीत."

"मी तसं म्हटलं का?"

म्हटलं नव्हतं. पण विचारलंही नव्हतं. तू नेमकं करतेस कसं, केव्हा करतेस, कुणाच्या सोबतीनं करतेस, एवढंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. हे सगळं जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "विचार करते, मॅडम."

मॅडमसमोर आवाज चढवायची माझी छाती नव्हती. तोंडावर मॅडम आणि पाठीमागे बाई, अशी आमच्याकडे सगळ्यांची रीत. बाई चिडत नसत, रागवत नसत, आणि त्यामुळेच त्यांच्यापुढं कुणाचा आवाज निघत नसे.

संध्याकाळी घरी फोन केला. आईला यातलं ओ की ठो कळत नाही, पण तिच्याशी बोलल्याशिवाय मला जेवण जात नसे.

"खोटं केलंयस का?" तिनं सगळं ऐकून घेऊन विचारलं.

"न्हाई."

"मग गप बस की. खरं आपलं आपण वर येतंय."

"बसवत न्हाई ग."

"बसवत न्हाई तर बोल त्यांच्याशी. असं आतल्या आत कशापायी कुढतीयास?"

"काय बोलू? त्यांच्यासमोर केलं आन् झालं न्हाई."

"मग बाई, तुलाच तपासून बघावं लागंल," ती म्हणाली.

तेच तर मला खात होतं. मंगळवारी, बुधवारी मी स्वतःलाच तपासत होते. आधीच्या वेळी मला हवं तेच तर दिसलं नसेल? घड असतील आणि माझ्या डोळ्यांनी ते सोयीस्कर सोडून दिले असतील? माणूस लबाडी न करताही स्वतःला फसवतो, हे मला ठाऊक होतं. जेवण तोंडात फिरू लागलं. पुस्तक उघडावं तर एकच ओळ चारदा वाचून होई. बुधवारी संध्याकाळी टेकडीवरून उतरताना ठरवलं, सोमवारी उभं राहायचं आणि गफलत झाली म्हणून मोकळं व्हायचं. खोटं तर खोटं, पण ही तगमग तरी थांबेल. ठरवल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

गुरुवारी मी माझा कप्पा रिकामा करायला प्रयोगशाळेत गेले.

गुरुवारचं सांगायला हवं. पुण्यात त्या काळी गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची, सकाळी गेली की दुपार उलटून जायची. संस्थेला जनरेटर होता, पण त्यावर इन्क्युबेटर, फ्रीज आणि एक काचेची पेटी एवढंच चाले. मोटरची यंत्रं चालवायला बाईंची मनाई होती, कारण मागे एकदा झटका बसून एक महागडं यंत्र जळालं होतं. तर असला हा लंगडा वार कुणाला हवा असतो? पेटीच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला असे. सोमवार, मंगळवार थोरामोठ्यांचे. उरलेला गुरुवार सगळ्यांत धाकटीचा, म्हणजे माझा. नव्या सुनेला उंबऱ्याजवळचं पान, तसं.

आत गेले तर माझ्या जागेवर इरफानभाई बसलेले. हातमोजे घातलेले, पुढ्यात माझी बाटली. मंगळवारी मी सवयीनं राखणदारांना औषध घालून ठेवलं होतं, ती बाटली.

"मॅडमनी सांगितलं, तयार पेशी वाया नको घालवू, एकदा तूच करून बघ," ते म्हणाले. "पण हे काय चालंना झालंय."

ते सेंट्रिफ्यूजच्या झाकणाशी झटत होते. ते नवे होते तेव्हा गुरुवारी वीज जात नसे, आणि नंतर त्यांनी गुरुवार पाहिलाच नव्हता.

"गुरुवार आहे," मी म्हटलं.

"मग वीज येईपर्यंत बसायचं?"

ते म्हणाले अगदी साधेपणानं, पण माझ्या आत काहीतरी फुटलं. आठवडाभर गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"बसा की! तुम्हांला काय, तुम्हांला बसायला येतंय. माझी जागा घेतलीत, माझ्या पेशी घेतल्यात, आता गुरुवार पण घ्या. मॅडमकडे जाण्याआधी एकदा मला विचारावंसं वाटलं नाही तुम्हांला? एकदा? कऱ्हाडापासून पुण्यापर्यंत एका एसटीनं येतो आपण, डबा वाटून खातो, आणि मी खोटारडी आहे का नाही हे मला सोडून सगळ्यांना विचारता?"

आवाज व्हरांड्यात गेला असणार, कारण पलीकडच्या दारात कुणीतरी डोकावून गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी हुंदके देत उभी होते, आणि लाज वाटायच्या ऐवजी छातीवरचं ओझं उतरत होतं.

इरफानभाई उठले. त्यांनी हातमोजे काढले, एकात दुसरा घातला आणि डब्यात टाकले. तसल्या वेळीही ते काम नीटनेटकंच करणार.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आधी तुला विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो. तू कसं करतेस?"

"तुमच्यासारखंच. कृतीचा जो कागद तुम्हांला दिला, तोच. आपल्या सगळ्यांचा एकच कागद आहे."

"कागद राहू दे. आत्ता इथं वीज नाही. ही बाटली तुझी आहे. तू आता काय केलं असतंस?"

मी डोळे पुसले. "काय करणार? नळीत ओतते आणि स्टँडला लावून ठेवते. जरा वेळानं पेशी आपोआप खाली बसतात. वरचं थोडं पाणी काढते, आणि उरलेलं पेशींसकट तसंच भांड्याच्या वरच्या मजल्यावर घालते."

"तसंच म्हणजे?"

"तसंच. यंत्र नाही तर कसं धुणार? गुरुवारी तसंच चालवून घ्यावं लागतं."

इरफानभाईंनी बंद सेंट्रिफ्यूजकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी वीज होती. मॅडम होत्या. मी व्यवस्थित..."

मी भिंतीवरच्या पाळ्यांच्या तक्त्याकडे पाहिलं. माझे सगळे प्रयोग गुरुवारचे होते. दुसरा वार मला मिळतच नव्हता.

"बस खाली," इरफानभाई म्हणाले.

"मला बसवत नाही."

"मग उभी राहून ऐक. बिथरलेली पेशी गप्प नसते. ती एकसारखी काहीतरी सोडत असते, आरडाओरडच की ती. कुठं जाते ती आरडाओरड? त्या मळकट पाण्यात. आणि आपण पहिलं काम काय करतो?"

"ओतून देतो."

"स्वच्छ, गप्प केलेल्या पेशी नेऊन मूलपेशींसमोर ठेवतो. त्यांना वाटतं, सगळं ठीक आहे. मग त्या कशाला हलतील?"

"पण त्या परत ओरडतील की. धुतलं म्हणून तोंड थोडंच शिवलं त्यांचं?"

"ओरडतील. पण मूलपेशींना ऐकून तयार व्हायला वेळ लागत असेल. तोवर इकडं घड झालेले असतात." ते थांबले. "म्हणजे मूलपेशी आपणहून शांत करत नसतील. आधी त्यांना ऐकू जायला पाहिजे."

"की त्या पाण्यात आपलंच औषध उरलंय, त्याचा हा खेळ?" मी म्हटलं. आता मीच माझ्याविरुद्ध वकिली करत होते, आणि मला ते आवडत होतं.

"औषध बिथरवायचं आहे. ते उरलं तर घड वाढतील, कमी कसे होतील?"

मी टेबलाभोवती फिरायला लागले. ठरवलं ते दोघांनी मिळून. तीन भांडी लावायची. पहिल्यात गुरुवारच्या पद्धतीनं, न धुता. दुसऱ्यात कागदाबरहुकूम धुऊन. तिसऱ्यातही धुऊनच, पण धुतानाचं पहिलं मळकट पाणी टाकायचं नाही. ते खालच्या मूलपेशींना पाजायचं. दुसऱ्यात घड झाले आणि तिसऱ्यात नाही, तर सगळी करामत त्या पाण्याचीच.

"चिठ्ठ्या मी लावतो," इरफानभाई म्हणाले. "नुसते ठिपके देतो. कुठलं भांडं कुठलं ते मॅडमना कळता कामा नये. तुलाही नको."

"मला कशाला नको?"

"तू डोळ्यांनी घड पुसून काढशील."

वीज येईपर्यंत मी व्हरांड्यात किती खेपा घातल्या ते पहारेकऱ्याला विचारावं. इरफानभाई मात्र स्टुलावर बसून नख कापत होते. दिवा लागला तसं आम्ही कामाला लागलो, पेटीत हात इरफानभाईंचे आणि हाताशी मी. ओतून द्यायचं पाणी या वेळी मी दोन्ही हातांनी जपून बाजूला ठेवलं, जसं काही तीर्थ आहे.

शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस ती भांडी आत उबेत होती आणि मी बाहेर.

"एकदा बघू या?" शनिवारी मी म्हटलं.

"नाही. पहिल्यांदा मॅडम बघतील. आपण आधी बघितलं तर परत तेच, म्हणतील तुम्ही दोघांनी मिळून शिजवलं."

"नुसतं एक भांडं."

"हेमांगी, खोलीची किल्ली मी घेऊन चाललोय. तुझा भरवसा नाही."

मी त्यांना मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि टेकडी गाठली. रविवारी आईचा फोन आला. मी सांगितलं, ओरडले मी एकावर. ती म्हणाली, "बरं केलंस. जेवलीस का?" त्या दिवशी मी जेवले होते.

पण जेवले म्हणून काही धाकधूक गेली नव्हती. तिन्ही भांड्यांत घड निघाले तर? मग गुरुवार नाही, मळकट पाणी नाही, काहीच नाही. मग मी खरोखर डोळ्यांनी खोटं पाहणारी. रात्रभर मला द्राक्षंच दिसत होती.

सोमवारी बैठकीला सगळी प्रयोगशाळा जमली. बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "हेमांगीला काही सांगायचंय."

मी उभी राहिले. सगळ्यांच्या माना खाली. लोक चांगले होते, पडलेल्या माणसाकडे बघणं त्यांना जड जात होतं.

"मॅडम, सांगण्याआधी तुम्हांला एक दाखवायचंय."

"बैठकीत सांगायचं असतं."

"हो मॅडम. पण हे सांगून पटणार नाही."

बाईंच्या कपाळावर आठी आली. तेवढ्यात इरफानभाई उठले. "मॅडम, हे माझंही आहे. जरा चला."

त्या उठल्या. आम्ही तिघं आत गेलो, बाकीचे दारापाशी. इरफानभाईंनी ठिपक्याचं पहिलं भांडं ठेवलं. बाई वाकल्या.

"शांत आहेत," त्या म्हणाल्या.

त्यांनी दुसरं ठेवलं.

"बिथरलेल्या. घड आहेत."

तिसरं. या वेळी त्यांना बराच वेळ लागला. मी भिंतीला टेकले होते, आणि टेकूनही मला पाय हलवल्यावाचून राहवत नव्हतं.

"शांत," बाई म्हणाल्या. "पहिल्यापेक्षा थोड्या कमी, पण शांत. आता सांगा, यात काय आहे."

इरफानभाईंनी खिशातून चिठ्ठी काढून वाचली. पहिलं न धुतलेलं. दुसरं धुतलेलं. तिसरं धुतलेलं, पण धुतानाचं पाणी मूलपेशींना परत दिलेलं. मग त्यांनी गुरुवार, जनरेटर, बंद सेंट्रिफ्यूज, सगळं सांगितलं. माझ्या ओरडण्याचं मात्र वगळलं. ते मी सांगितलं.

बाई परत एकेक भांडं बघू लागल्या, पहिलं, तिसरं, दुसरं, पुन्हा पहिलं. शेवटी सरळ झाल्या तेव्हा डोळ्यांभोवती यंत्राच्या कडा उमटल्या होत्या.

"शुक्रवारी माझ्यासमोर का धुतल्यास?"

"तुमच्यासमोर न धुता कसं करणार, मॅडम? लाज वाटली असती. तो गरिबाघरचा प्रकार होता, वीज नसल्यावर चालवून घ्यायचा. त्यात काही आहे असं मलाच वाटलं नव्हतं."

"आणि हा गुरुवार तुला मीच दिला होता."

"हो."

"मी तुला विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "आधी विचारायचं सोडून मी तुला मान खाली घालायला सांगितलं. हे माझं फार चुकलं, हेमांगी."

दाराशी उभी असलेली माणसं एकदम चुळबुळली. बाईंना असं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि रागही आला, कारण इतके दिवस मनात घोकून ठेवलेलं भांडण आता भांडता येणार नव्हतं.

बाईंनी घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या आणि इरफानभाईंच्या हातात दिल्या. "आणखी पेशी आहेत का तयार?"

"आहेत, मॅडम," इरफानभाई म्हणाले. "शनिवारी लावून ठेवल्यात."

"हेमांगी, तुझ्या हातात होतं, आता इरफानच्याही हातात झालं. तिसऱ्या हातात झाल्याशिवाय मी निबंधावर सही करणार नाही. आता मी करते, तुझ्या गुरुवारच्या पद्धतीनं." त्या पेटीसमोर बसल्या आणि हातमोजे चढवू लागल्या. "तू मागे उभी राहा. तीस वर्षं मी पेशी धुतेय. हात आपोआप यंत्राकडे जाईल. गेला की ओरड."

"ओरडू?"

"हळू सांगितलेलं मला ऐकू येत नाही, बघितलंस ना."

मी मागे उभी राहिले. हाताची घडी घालू की नको ते कळेना, म्हणून दोन्ही हात मागे बांधले. बाईंनी बाटली उघडली. मळकट द्रव नळीत घेतला, नळी स्टँडला लावली, थांबल्या. त्यांचं काम बघण्यासारखं होतं, एक थेंब इकडचा तिकडं नाही. पेशी खाली बसल्या. त्यांनी वरचं थोडं पाणी काढलं, टोपण लावलं, नळी उचलली, आणि इतक्या सहज की त्यांना स्वतःलाही कळलं नसावं, खुर्ची वळवून हात सेंट्रिफ्यूजच्या झाकणाकडे नेला.

"अहो बाई, थांबा! धुऊ नका!"

तोंडून मॅडम नाही, बाईच निघालं, आणि ते कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर निघावं तसं निघालं. दाराशी कुणाच्या तरी हातातून वही पडली. इरफानभाईंनी डोळे मिटून घेतले.

बाईंचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी नळी हळूच परत स्टँडमध्ये ठेवली.

"नाही धूत," त्या मागे न बघता म्हणाल्या, अगदी समजुतीच्या आवाजात. "नाही धूत ग. झालं?"

"झालं," मी म्हटलं.

त्यांनी पिपेट उचलली आणि पेशी भांड्यात सोडायला घेतल्या. त्यांचा हात कापत होता. मी काही बोलले नाही.